उजव्या वळणाआधी

प्रिय ठकू,

आशीर्वाद. तुझा निरोप पोहोचून बरेच दिवस झाले. उत्तराला विलंब झाला तो विसरभोळेपणामुळे नव्हे, हे तू जाणतेसच. तू एक सरळ प्रश्न विचारला आहेस: सुट्टी काढून येते, ती जुनी मोटारसायकल मी चालवते, तुम्ही नेहमीसारखे मागे बसा आणि आपण दोघे आईच्या सगळ्या गावांना जाऊन येऊ, येऊ ना? याचे उत्तर एका शब्दात देता आले असते. परंतु नुसते 'नाही' वाचून तू त्याचा भलताच अर्थ लावशील आणि नुसते 'हो' लिहिणे माझ्याने होणार नाही. म्हणून सविस्तर लिहितो. पत्र लांबले तर तुझ्या आईप्रमाणे मधली पाने गाळून शेवट आधी वाचू नकोस, एवढीच विनंती.

मी मोटारसायकल घेतल्याची वार्ता तुला शेजारच्या काकूंनी दिली, हे त्यांनीच मला सांगितले. "तुमच्या लेकीला कळवलं हो मी, बाबांनी या वयात फटफटी घेतलीय, एकदा येऊन डोकं तपासून जा म्हटलं," असे त्या कुंपणापलीकडून, कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या. त्यांच्या वार्तेतील तथ्य बरोबर आहे, निष्कर्षाविषयी मी काही बोलू इच्छित नाही. गाडी घेतली आहे. ती पुष्कळ चाललेली आहे, इतकी की तिच्या मीटरवरचे आकडे संपून पुन्हा शून्यापासून सुरू झाले आहेत. आणि मला गाडी चालवता येत नाही, हेही पूर्वीइतकेच खरे आहे. रस्ते खात्यात आरेखक म्हणून मी उभी हयात वळणे आखण्यात घालवली. कोणत्या वेगाला वळण किती रुंद असावे आणि रस्त्याची बाहेरची कड किती उचलावी, हे मी कागदावर बिनचूक मांडत असे. पण त्यांपैकी एकही वळण मी स्वतः गाडी हाकत घेतले नाही. "वळणं तुम्ही काढा, घेईन मी," असे तुझी आई म्हणत असे, आणि आमच्या संसाराची वाटणी साधारण तशीच झाली होती.

तुझी आई गेल्यावर तिची गाडी, पशुवैद्यक खात्याची होती ती, खात्याने परत नेली. यात कोणाचीच चूक नाही. जनावरांच्या दवाखान्यातून एक गृहस्थ आले, त्यांनी माझी सही घेतली, डिकीतील तिचे रबरी हातमोजे आणि बुटांची जोडी काढून माझ्या हाती दिली आणि गाडीला किक मारली. फार सभ्य मनुष्य होता. "बाईंचा हात फार हलका होता हो, आमची गाय त्यांनीच वाचवली होती," असेही म्हणाला. मग तो निघाला आणि गल्लीच्या टोकाला उजवीकडे इतक्या सहज वळला की मला त्याचा विलक्षण राग आला. त्या रागाचे कारण तुला पुढे कळेल. त्या दिवशी मलाही ते पुरते कळले नव्हते.

त्यानंतर मी घरात होतो. समाचाराला आलेली माणसे सांगत, वस्तू डोळ्यांसमोरून हलवा, तिची खुर्ची हलवा, म्हणजे त्रास कमी होईल. खुर्चीचा मला काहीच त्रास नव्हता. कपडे तू आणि मामीने मिळून वाटून टाकले, त्याचाही झाला नाही. त्रास झाला तो वेगळ्याच ठिकाणी. तिची गावांच्या फेरीला निघण्याची वेळ झाली की मी जिथे बसलेला असेन तिथे माझे पाय काहीतरी शोधू लागत. वर्तमानपत्र वाचता वाचता उजव्या पायाचा चवडा आपोआप दाबला जाई आणि खांदा त्या बाजूला कलत असे. एकदा बँकेच्या बाकावर बसलो असता शेजारच्या बाईंच्या अंगावर मी असा कललो की त्या उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. त्यांची क्षमा मागायला हवी होती, पण कारण काय सांगणार?

म्हणून मी जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गेलो. शहराबाहेरच्या रस्त्याला त्याची पत्र्याची शेड आहे. गाड्या ओळीने उभ्या, टायरांना काळा रंग फासून चकचकीत केलेल्या. "काका, मुलासाठी बघताय की जावयासाठी?" असे त्याने विचारले. मी स्वतःसाठी म्हटल्यावर त्याने मला नखशिखान्त न्याहाळले आणि एका तांबड्या गाडीपाशी नेले. "मग ही घ्या. डॉक्टरची गाडी आहे. घर ते दवाखाना, दवाखाना ते घर. नवी नवरी आहे नुसती, डोळे झाकून घ्या." मी त्याला सांगितले की, माझ्या परिचयाच्या डॉक्टरांच्या गाडीला सायलेन्सरपर्यंत शेण लागलेले असे, आणि एकदा त्या गाडीवरून एक आजारी वासरू माझ्या मांडीवर बसून दवाखान्यात आले होते. तो मोठ्याने हसला. "मग तुम्हाला डॉक्टरची गाडी नको." मी विचारले, यांच्यात सर्वांत अधिक चाललेली कोणती? "काका, गिऱ्हाईक उलटं विचारतं." तरीही मी प्रश्न बदलला नाही. कमी चाललेल्या दोन-तीन गाड्यांवर मी हात ठेवून पाहिला होता. त्यांच्या गाद्या ताठ होत्या, इंजिने नुसती गुणगुणत होती. माझी ओळख होती ती वापरून खोलगट झालेल्या गादीशी, आणि उभ्या उभ्या थरथरणाऱ्या पायदांड्यांशी.

शेवटी शेडच्या मागच्या भिंतीला टेकवलेली एक गाडी त्याने ओढून काढली. तुझ्या आईच्याच गाडीची जात, रंग मात्र ओळखू न येण्याइतका विटलेला. "हिला मी भंगारात घालणार होतो. खोटं नाही सांगत, थोडं ऑइल खाते, सकाळी धूर मारते, पण मनाने चांगली आहे." त्याने किक मारली. ठकू, तो आवाज ऐकून मी काय केले ते लिहिण्यास मला संकोच वाटतो, पण लिहिले पाहिजे. तो म्हणाला, "बसून बघा." मी बसलो. दोन्ही पाय दांड्यांवर ठेवले, हात मांडीवर घेतले आणि वाट पाहत राहिलो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "काका, पुढे सरका की. हँडल तिकडे आहे." तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी मागच्या जागेवर बसलो होतो. "चालवणार कोण?" त्याने विचारले. तुझ्या बाबांनी आयुष्यात कोणतीही वस्तू चारदा हिशोब केल्याशिवाय घेतलेली नाही, पण इतक्या दिवसांत हा प्रश्न माझ्या मनाला एकदाही शिवला नव्हता. गाडी हवी, एवढेच मी ठरवले होते. पुढच्या जागेवर कोणीतरी असणार, हे इतके गृहीत होते की त्याचा निराळा विचारच झाला नाही. मी त्याने सांगितलेली किंमत देऊ केली. "थोडं तरी कमी करा म्हणा हो, मलाच कसंतरी होतंय," असे तो म्हणाला.

गाडी घरी आणून दिली ती पान्याने. तुझ्या वर्गातला पाना, जो मधल्या सुट्टीत मास्तरांची सायकल खोलून ठेवत असे, त्याचे आता चौकात गॅरेज आहे. मी त्याला विनंती केली की, गॅरेज बंद केल्यावर त्याने मला मागे बसवून खाणीच्या रस्त्याने एक चक्कर मारून आणावी. त्याने कारण विचारले नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. एरवी तो अव्याहत बोलतो. पहिल्याच फेरीला, खाणीपाशी रस्ता उजवीकडे वळतो तिथे आम्ही पडलो. घाबरू नकोस, लागले काही नाही, माझा गुडघा थोडा खरचटला आणि त्याची विजार फाटली. पाना खडीत बसूनच बोलू लागला, "काका, वळण मी घेतोय की तुम्ही? मी हँडलला हात लावायच्या आधीच तुम्ही गाडी आडवी करताय. जीव घ्याल माझा, घरी बायको वाट बघतेय." त्याचे म्हणणे यथार्थ होते. मागे बसणाऱ्याने चालवणाऱ्याच्या आधी झुकू नये, हा नियम कोणीही सांगेल. मला मात्र तो पाळता येत नव्हता, आणि का, हे आता तुला सांगतो.

तू वसतिगृहात होतीस त्या वर्षी, एका अडलेल्या गाईला सोडवताना तुझ्या आईचे उजवे मनगट गाय आणि खांब यांच्यामध्ये चिरडले. तुला आम्ही 'जरा मुरगळलंय' एवढेच सांगितले. हाड जुळले, पण वेडेवाकडे जुळले. वेगात असताना गाडी उजवीकडे न्यायची तर उजवी मूठ पुढे रेटावी लागते, आणि तेवढे बळ त्या मनगटात पुन्हा आले नाही. डावे वळण ती पूर्वीसारखेच घेई. उजव्याला गाडी हट्टी बैलासारखी सरळ जाऊ पाही. बरे झाल्यावरच्या पहिल्याच दिवशी उजवे वळण चुकून आम्ही दोघे सरळ एका शेतात घुसलो होतो. खात्याला हे कळले असते तर त्यांनी तिची फिरती काढून तिला टेबलावर बसवले असते. "मला खुंट्याला बांधून ठेवलं तर मी वैरण सोडीन," असे ती म्हणाली. तिचे विनोद असेच गोठ्यातले असत, पण ती विनोद करत नव्हती. मग त्याच शेतात गाडी उभी करून ती मला म्हणाली, "अहो, तुम्ही जरा माझ्या आधी झुकून बघा बरं." पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात आम्ही ते घोटून घोटून बसवले. मी वेळेआधी उजवा पाय दाबून अंग कलवायचे, गाडी कलू लागायची, आणि उरलेले काम तिने डाव्या हाताने ओढून घ्यायचे.

माझी ऐच्छिक निवृत्ती त्यासाठी होती. तुम्हा सर्वांचा समज रक्तदाबाचा होता, तो आम्ही राहू दिला. तुझा मामा भर पंगतीत म्हणाला होता, "भावजींनी नोकरी सोडून ताईची औषधांची पेटी धरली." गावांमध्ये तर मला 'बाईंची मागची सीट' हेच नाव पडले होते, एका म्हाताऱ्याने मला विचारले होते, "सीट, आज बाई कुठं?" तुझी आई घरी येऊन हे सांगताना हसून हसून खाली बसे. तुला सांगायचे नाही, हा तिचा आग्रह होता. "तिला कळलं तर ती रोज फोन करून मनगट कसं आहे विचारील आणि मला खोटं बोलावं लागेल." आता तिला टेबलावर बसवणारे कोणी नाही, म्हणून मी त्या वचनातून मोकळा आहे असे मानतो.

मला समोरचा रस्ता दिसत नसे, तिचे हेल्मेट मध्ये येई. ती तोंडाने काही सांगत नसे. आरंभी ती कोपर किंचित उचलून खूण करी, पुढे तीही थांबली. तिच्या पाठीचा श्वास थोडा अडला की वळण आले हे मला कळे, आणि ते कळले असे मनात येण्याच्या आत माझा पाय दाबला गेलेला असे. घरात आमचे बोलणे किती असे, हे तुला ठाऊकच आहे: दूध, विजेचे बिल, तुझे पत्र आले का. तू एकदा चिडून म्हणाली होतीस की तुम्ही दोघे एका खोलीत बसून दोन वेगवेगळ्या गाड्यांची वाट बघता. ते दिसायला तसे होते खरे. पण दर उजव्या वळणाला ती आपला सगळा भार विश्वासाने माझ्यावर सोडत असे, आणि ते न बोलता, न मागता, दिवसातून कितीदा तरी होई. याहून स्पष्ट लिहिणे मला जमणार नाही.

आजारपणात, शेवटी शेवटी, ती फार बोलत नव्हती. कुशीवर वळायचे असले की मी पलंगावर तिच्या पाठीशी बसे आणि ती सांगण्याच्या आधी तिला वळवत असे. नर्स म्हणाली, "तुम्हाला कसं कळतं हो?" ज्या दिवशी मी वळवले आणि ती वळली नाही, त्या दिवशीचे तुला ठाऊक आहे.

आता पुन्हा गाडीविषयी. पडल्यानंतरही पान्याने मला सोडले नाही. "पोत्यासारखं बसायचं काका. पोतं कधी झुकतं का? सगळं माझ्यावर सोडा," असे तो प्रत्येक फेरीला निघताना सांगे. मी दोन्ही हात मागच्या दांडीला घट्ट धरून पोत्यासारखा बसू लागलो. प्रथम पाय दाबला जाईच, तो ओरडे, "काका, पोतं!" मग कमी दाबला जाऊ लागला. मला वाटत होते की मी त्याच्या जिवाची काळजी घेत आहे, त्यापलीकडे काही घडत आहे याची मला कल्पना नव्हती. गेल्या आठवड्यात आम्ही खाणीकडून परतत होतो. पलीकडच्या उतारावर काही शेळ्या चरत होत्या. त्यांतली एक मागच्या पायाने लंगडत होती, आणि तिला काय झाले असेल याचा मी विचार करत होतो. तेवढ्यात पाना मागे मान वळवून म्हणाला, "वा काका, जमलं की! कळलं पण नाही मागे कोणी बसलंय. आता बिनधास्त कुणाच्याही मागे बसा." उजवे वळण मागे पडले होते. मी काही केले नव्हते. मला ते आलेले समजलेही नव्हते. शिष्टाचाराला धरून मी त्याचे आभार मानले.

घरी येऊन मी जेवणाच्या खुर्चीवर बसलो आणि डोळे मिटून करून पाहिले. आधी पाय दाबत होतो की आधी खांदा कलत होता, हे मला सांगता येईना. दोन्ही करून पाहिले; दोन्ही मुद्दाम केल्यासारखे झाले, कवायतीसारखे. विचार करून करू गेलो की ते वेगळेच काहीतरी होते, आणि विचार न करता आता ते होत नाही. त्यानंतर मी रोज बसून पाहतो. काल एकदा, दाराची कडी वाजली तेव्हा, चवडा थोडा दाबला गेल्यासारखा वाटला. तो भासही असेल. पान्याला मी यापुढे फेरीला येऊ नकोस असे सांगितले आहे. त्याला वाटते, मला थंडी सोसत नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचे उत्तर. गाडी पान्याकडे आहे. ती तू घे, एकटीने सगळ्या गावांना जाऊन ये. तिथली माणसे तुझ्या आईविषयी भरभरून बोलतील आणि तुझे मन थोडे हलके होईल. मला मात्र मागे बसवू नकोस. तू उत्तम चालवतेस, तुला तिनेच शिकवले, आणि तुझी दोन्ही मनगटे धडधाकट आहेत. दोन-चार दिवसांत मी तुझ्या मागे अगदी नीट बसू लागेन, तुला आनंद होईल, आणि तुझ्या आईचे जे काही माझ्या या पायात अजून उरले असेल ते तिथे पुसले जाईल. मी जपले म्हणून ते टिकणार आहे, अशी माझी समजूत नाही. परवापेक्षा काल ते कमी होते. जायचे ते जाईलच, त्याला माझा इलाज नाही. परंतु पान्याच्या मागे बसून गेले तेवढे गेले, उरलेले या जेवणाच्या खुर्चीत बसल्या बसल्या जावे. तुझ्या हातून जाऊ नये. उद्या केव्हातरी तुला ते उमगले असते, आणि मग तू स्वतःला क्षमा केली नसतीस. एवढ्याचसाठी हे पत्र लिहिले.

तरीही तुझाच,
बाबा